डबी म्हणते, बाई खुशीत आहेत

६ फेब्रुवारी

खारुताई,

आशीर्वाद आधी, तक्रार नंतर.

तू म्हणशील, मामाने फोन का नाही केला. फोनवर तू एका कानाने माझं ऐकतेस आणि दुसऱ्या कानाने ऑफिसचं, आणि शेवटी ‘हो मामा, बघते मामा’ म्हणून मोकळी होतेस. कागद कसा, टेबलावर तुझ्या तोंडासमोर पडून राहतो. हलवल्याशिवाय हलत नाही.

तर तुझ्या कंपनीची ती चेहरे वाचणारी डबी पोचली. तिचं खरं नाव भलतंच लांबलचक आहे, मी डबीच म्हणणार. गाडीत बसवण्याआधी जेवणाच्या टेबलावर लावून पाहिली. सकाळची वेळ, बाहेर कोवळं ऊन, हातात चहा, मनात कसलीही कटकट नाही. डबीने माझा चेहरा निरखला आणि पडद्यावर लिहिलं: ‘राग’. मामीला दाखवलं तर म्हणाली, “एवढी वर्षं मी वेगळं काय सांगत होते?” आता माझ्या भुवयाच एकमेकींना भेटायला निघाल्यासारख्या आहेत, त्याला मी काय करू! पण ते सोडून दे. त्याबद्दल तक्रार नाही.

मग डबी आपल्या शिकाऊ गाडीत बसवली. एक डोळा चालवणाऱ्याकडे, दुसरा शेजारी बसणाऱ्या माझ्याकडे. पडद्यावर दोन ओळी, ‘चालक’ आणि ‘शेजारी’, आणि प्रत्येकीपुढे ज्याची त्याची भावना. तू म्हणालीस की शिकणाऱ्याला नेमकी भीती कुठे वाटते हे कळलं तर शिकवणाऱ्याचं काम सोपं होईल. मला पटलं. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर ‘येथे भीती घालवून मिळेल’ असं लिहावं असं माझ्या फार दिवसांपासून मनात आहे.

सध्या कॉलेजची मुलं परीक्षांमुळे येत नाहीत. शिकायला येतात त्या एकट्या वाचनालयातल्या बाई. पन्नाशीला आल्यात. आयुष्यभर तळघरातल्या टेबलाशी बसून पुस्तकांवर तारखांचे शिक्के मारले. आता वाचनालय एप्रिलपासून पुस्तकांची गाडी सुरू करतंय, वस्त्यावस्त्यांतून फिरणारी. लायसन्स मिळालं तर ती गाडी बाईंकडे, नाही तर बाहेरचा ड्रायव्हर ठेवणार आणि बाई परत तळघरात. एकदा परीक्षेत नापास झाल्यात. चालवतात मन लावून, पण भित्र्या इतक्या की विचारू नकोस. भीती वाटली की हसतात. मोठं वळण आलं की खुदूखुदू हसायला लागतात. मी धीर देतो, “बाई, मी आहे ना!” म्हणतो.

आणि तुझी डबी काय दाखवते? चालक: आनंद. शेजारी: भीती! अगं, मी? तुझ्या आजोबांच्या ट्रकवर कोणी न शिकवता गाडी शिकलेला माणूस मी. सरळ आहे, तुमच्या लोकांनी आतल्या वायरी उलट्या जोडल्यात. बाईंची भीती माझ्या नावावर आणि माझा आनंद त्यांच्या नावावर जमा होतोय. दुरुस्तीचं लवकर कळव.

तुझा,
मामा

*

१२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र टेबलावरून खरंच हललं नाही. शेवटी आमच्या साहेबांनीच उचलून वाचलं आणि पोट धरून हसले. ‘येथे भीती घालवून मिळेल’ हे त्यांना आमच्या जाहिरातीसाठी हवंय. विकू नकोस.

आता गंभीर बोलते. वायरी उलट्या लागल्या असतील असं मला आधी वाटलं नव्हतं, कारण डबी इथून निघताना तपासली होती. पण एक गोष्ट तुला प्रामाणिकपणे सांगते. या डबीला चेहरे शिकवायला आम्ही ऑफिसातल्याच लोकांचे फोटो वापरले. एकेकाला खुर्चीत बसवायचं आणि म्हणायचं, घाबर! मग तो डोळे वटारून आ वासणार. हिशेबनीस काका तर इतके रंगात आले की खुर्चीवरून खाली पडले. तेव्हा खऱ्या घाबरलेल्या माणसाच्या बाबतीत डबीचं चुकू शकतं, हे मी नाकारत नाही. आणि तू इतकी माणसं शिकवलीस. डबीचं ऐकायचं की मामाचं, तर मी मामाचं ऐकीन.

डबीच्या मागे दोन वायरी आहेत, एक निळी, एक पिवळी. दोन्ही काढून त्यांची अदलाबदल कर. मग डबी चालकाला शेजाऱ्याच्या जागी आणि शेजाऱ्याला चालकाच्या जागी धरेल. रोजच्या नोंदी मला इथे मिळतातच. चेहरे दिसत नाहीत, फक्त शब्द आणि तेव्हा गाडी रस्त्यावर कुठे होती ते येतं, त्यामुळे बाईंना सांग, संकोच करू नका.

बाईंना माझ्याकडून शुभेच्छा. पुस्तकांची गाडी चालवणारी बाई मी अजून पाहिलेली नाही, मला पाहायची आहे.

मामीला सांग, दाढ दुखतेय तर लवंगेवर किती दिवस काढणार? डॉक्टरकडे जा.

तुझी,
खारुताई

*

२० फेब्रुवारी

खारुताई,

शाब्बास! वायरी बदलल्या आणि डबी सुतासारखी सरळ आली. परवापासून बघतोय, चालक: भीती. शेजारी: आनंद. आता कसं! मामीला कौतुकाने दाखवायला नेली, तर ती डबीकडे बघून म्हणते, “तुम्ही आणि आनंद? ही अजून बिघडलेलीच आहे.” या घरात माणसाची किंमत नाही, यंत्राची कुठून असणार.

तुमच्या ऑफिसात खोटं घाबरून दाखवतात हे वाचून मात्र कमाल वाटली. अगं, मला विचारायचं होतंस! आमच्याकडे घाबरलेली माणसं रोज सकाळी ताजी मिळतात.

पण मन प्रसन्न नाही. बाई काल पुन्हा नापास झाल्या. परीक्षा लायसन्सच्या कार्यालयाच्या गाडीत असते आणि शेजारी परीक्षक बसतो. सरळ रस्त्यावर छान चालवली म्हणे. पाण्याच्या टाकीजवळच्या मोठ्या वळणावर वेग कमीच केला नाही आणि गाडीचं चाक फुटपाथवर. तेच मागच्या वेळी, तेच आता. माझ्याबरोबर त्याच वळणावर गाडी लोण्यासारखी वळवतात! मी बाहेर बाकावर बसलो होतो. बाहेर आल्या, हसत होत्या, आणि म्हणाल्या, “सर, पुस्तकांनाच माझी सवय झालीय, गाडीला नाही.” 

आता एकच संधी उरली, चोवीस मार्चची. त्यानंतर वाचनालय थांबणार नाही. मी ठरवलंय, रोज एक तास जास्त. धीर दुप्पट.

आज इथेच थांबतो. मामीने अखेर दाढ काढायला डॉक्टरकडे पाय ठेवला, तिला आणायला गाडी घेऊन निघालोय. जाताना एकटा, येताना तिच्यासकट. दाढेसकट नाही, हे देवाचे उपकार.

मामा

*

२ मार्च

आदरणीय बाई,

आपली ओळख नाही. मी तुमच्या ड्रायव्हिंगच्या सरांची भाची. गाडीत जी डबी लावलीय ती आमच्या कंपनीची. तुमचा घरचा पत्ता मला माहीत नाही म्हणून वाचनालयाच्या पत्त्यावर लिहितेय. हे पत्र कृपा करून मामाला दाखवू नका.

परवा मी नोंदी चाळत होते. वीस फेब्रुवारीची एक नोंद अशी: ‘चालक: चेहरा नाही. शेजारी: राग.’ म्हणजे डबीच्या म्हणण्याप्रमाणे गाडी आपली आपण रस्त्याने चालली होती आणि शेजारी कोणीतरी फुरंगटून बसलं होतं! थोड्या वेळाने दुसरी नोंद: ‘चालक: राग. शेजारी: भीती.’ त्याच दिवशीचं मामाचं पत्र काढून पाहिलं आणि सगळं लख्ख दिसलं. तो मामीला दवाखान्यातून आणायला एकटाच निघाला होता. गाडी चालवणारा तोच होता, फक्त त्याच्या कायम रागावलेल्या भुवया डबीने शेजारच्या ओळीत लिहिल्या. येताना शेजारी दाढ काढलेली मामी, म्हणजे राग तिचा. भीती कोणाची, ते तुम्ही ओळखालच.

याचा अर्थ, आता वायरी उलट्या आहेत. म्हणजेच आधी सरळ होत्या, आणि मामाच्या सांगण्यावरून मीच त्या बिघडवायला लावल्या. डबी तेव्हा बरोबर बोलत होती.

म्हणून तुम्हाला सरळच विचारते. गाडी चालवताना तुम्हाला भीती वाटते का? आणि टाकीजवळच्या वळणावर नेमकं काय होतं?

तुमची परीक्षा तोंडावर आहे म्हणून घाई करतेय. आगाऊपणा वाटला तर माफ करा.

मामाची भाची

*

७ मार्च

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगात होते. शिक्का हातात तसाच धरून वाचलं आणि एका प्रवासवर्णनाच्या चुकीच्या पानावर छाप उमटली. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. असू दे.

नाही हो, मला भीती वाटत नाही. मला फार मजा वाटते! पहिल्या दिवशी क्लच सोडला आणि गाडी पुढे सरकली तेव्हा मला वाटलं, अख्ख्या इमारतीला कोणीतरी चाकं लावली. मोठ्या वळणावर समोरचं सगळं दृश्य पानासारखं उलटतं ना, तिथे मला हसूच आवरत नाही.

पण हे सरांना कसं सांगू? पहिल्याच आठवड्यात मी हसले आणि सर म्हणाले, “घाबरू नका बाई, मी आहे ना!” मी सांगणार होते, पण त्यांच्या आवाजात इतकी माया होती की मी ‘हो सर’ म्हणाले. मग रोजच तसं झालं. धीर देताना ते असे फुलून येतात की मी हल्ली मधूनमधून मुद्दाम ‘अगं बाई!’ म्हणते. तुम्ही हे त्यांना सांगू नका. त्यांना वाईट वाटेल.

वळणाचं म्हणाल तर तेच कोडं आहे. सरांच्या गाडीत वळण आलं की गाडी आपोआप हळू होते. मला वाटायचं, गाडीची तशी सवयच असेल, जुनी गाडी आहे, रस्ता ओळखत असेल. मी फक्त स्टिअरिंग फिरवते. परीक्षेच्या गाडीला ती सवय नाही. मी वाट बघत राहते आणि फुटपाथ येतो.

सरांच्या पायाशीही एक ब्रेक आहे हे मला माहीत आहे. पण ते म्हणतात, “त्याला मी पाय लावत नाही, तुमच्या हातात गाडी आहे.” आणि सर खोटं बोलत नाहीत. हे मी वाचनालयात इतकी माणसं पाहून सांगते.

तळघरात एकच खिडकी आहे, तिच्यातून लोकांच्या फक्त चपला दिसतात. एकदा तरी त्यांचे चेहरे बघत पुस्तकं द्यावीत असं वाटतं. एवढंच.

आपली नम्र,
वाचनालयातली बाई

*

११ मार्च

प्रिय मामा,

आधी खुर्चीत बस. मामीला पाणी घेऊन शेजारी उभी राहायला सांग.

वायरी पुन्हा बदल. निळी होती तिथे निळी, पिवळी होती तिथे पिवळी. चूक माझी आहे, तुझी नाही. यंत्र माझं, त्यावर विश्वास मी ठेवायला हवा होता. वीस तारखेला तू मामीला आणायला गेलास तेव्हा डबीने चालकाची जागा रिकामी दाखवली. तू काय शीळ घालून गाडी एकटीच पाठवली नव्हतीस ना? म्हणजे आत्ताच्या ओळी उलट्या आहेत आणि पहिल्या खऱ्या होत्या.

होय मामा. शेजारी: भीती.

आता रागावू नकोस. डबी तुला राग म्हणेल, पण तिचं त्या बाबतीत काही खरं नाही. मी नोंदी नीट पाहिल्या. तू घाबरतोस ते दर वळणावर. सरळ रस्त्यावर नाही, गर्दीत नाही. फक्त वळणावर. आणि बाईही नेमक्या वळणावरच नापास होतात. मला एक शंका आहे, पण ती मी इथून सांगणार नाही. तू एवढंच कर: उद्या मामीला मागच्या सीटवर बसव आणि तिला सांग, रस्त्याकडे बघू नकोस, माझ्या उजव्या पायाकडे बघ.

लहानपणी मला सायकल शिकवताना तू कॅरिअर धरून इतका धावलास की शेवटी मी दमले नाही, तू दमलास. आठवतं ना?

खारुताई

*

१७ मार्च

खारुताई,

दोन दिवस उत्तराला हात लावला नाही. रुसलो होतो. मामी म्हणाली, “रुसायचं तर रुसा, पण आधी गाडीत बसा. मला तुमचा पाय बघायचाय.” तिच्यात इतका उत्साह मी लग्नातही पाहिला नव्हता.

तर मामी मागे, बाई स्टिअरिंगवर, मी शेजारी. मी आपला नेहमीसारखा निर्धास्त. टाकी जवळ आली. बाई वळवायला लागल्या आणि मागून मामी किंचाळली, “दाबला!”

“काय दाबला?”

“ब्रेक! अहो, तुमचा पाय बघा!”

मी खाली पाहिलं. खारुताई, शप्पथ सांगतो, तो पाय माझा होता आणि ब्रेकवर होता. मी ठेवला नव्हता. तो गेला होता! पुढच्या वळणावर मी पायाला मनात दटावलं, आणि तरी मामी, “दाबला!” पुढे तर ती वळण यायच्या आधीच ओरडायला लागली आणि बाई हसून हसून गाडी बाजूला घेऊन थांबल्या. रस्त्यावरचे लोक बघत होते. बाईंच्या हसण्याकडे नीट पाहिलं तेव्हा मलाच प्रश्न पडला, भीतीने माणूस इतकं पोटभर हसतं का? पण विचारलं नाही. काही गोष्टी बाईंच्या त्यांच्याजवळ राहू देत.

म्हणजे इतके दिवस बाई स्टिअरिंग फिरवत होत्या आणि वेग मी कमी करत होतो. अर्धं वळण त्यांचं, अर्धं माझं. परीक्षेला त्या आपलं अर्धं घेऊन गेल्या आणि माझं अर्धं बाकावर बसून राहिलं.

बाकीच्यांच्या वेळी पाय असं करत नसावा, निदान इतकी पोरं पास झाली. बाईंचंच मला इतकं का लागलं कोण जाणे. त्या तळघरात मी एकदा गेलो होतो, वर्गणी भरायला. तिथे एकाच खिडकीखाली शिक्के मारत बसलेल्या बाई बघितल्या, ते बहुतेक पायात जाऊन बसलं.

मग उपाय काय? मी पाय बांधायला निघालो होतो. मामीने सोपं सांगितलं, “सीटवर मांडी घाला.” तेव्हापासून कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानात, डबे मांडून केलेल्या वळणांवर, मी समाधी लागल्यासारखा मांडी घालून बसतोय आणि बाई चालवतायत. पहिल्या दिवशी दोन डबे चपटे झाले. दुसऱ्या दिवशी एक. काल वळणाच्या आधी त्यांनी आपला पाय स्वतः ब्रेकवर नेला, हळूच, आणि गाडी वळली. माझ्याशिवाय. डबीने शेजारी ‘भीती’च लिहिलं. लिहू दे. भीती वाटायला हरकत नाही, पाय वर असला म्हणजे झालं.

उद्यापासून रस्त्यावर. मांडी नाही, दोन्ही पाय मागे ओढून, टाचा सीटखाली अडकवून. वेळ पडलीच तर ब्रेक जवळ आहे. मामी मागे पहाऱ्यावर.

मामा

*

२५ मार्च

प्रिय भाचीताई,

सरांना आज पत्र लिहायला बसवत नाही, म्हणून मीच लिहिते. त्यांना काल दिवसभर धाप लागल्यासारखं होत होतं. परीक्षा माझी होती.

कार्यालयाच्या आवारात सर आणि मामी बाकावर बसले. मी परीक्षकांबरोबर निघाले. सरळ रस्ता, सिग्नल, शाळेजवळ हळू, सगळं ठीक. मग टाकीचं वळण दिसलं. क्षणभर मी वाट बघितली, सवयीने. मग माझ्या लक्षात आलं की कोणी येणार नाहीये. पाय माझाच गेला. गाडी हळू झाली, स्टिअरिंग फिरलं आणि समोरचा सगळा रस्ता उलटून नवा उघडला. मला हसू आलं नाही. डोळे भरून आले. परीक्षक म्हणाले, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही, गाडी वळली.” त्यांना वाटलं असेल, ही कसली बाई.

परत आले ती रडतच. सर बाकावरून उठले, माझा चेहरा पाहिला आणि लगेच म्हणाले, “काही हरकत नाही बाई! मी आहे ना, पुढच्या वेळी...” आणि स्वतःच डोळे पुसायला लागले.  मी नुसती मान हलवत होते, आणि तेवढ्यावर ते आणखी जोरात धीर द्यायला लागले. शेवटी मामींनी माझ्या हातातला कागद ओढून घेतला, वाचला आणि त्यांच्या पाठीवर धपका मारला, “अहो, पास झाल्या त्या! रडताय काय दोघं!”

मग मी खरं सांगून टाकलं. म्हटलं, “सर, मला कधीच भीती वाटली नाही. तुम्ही धीर द्यायचात ते मला आवडायचं, म्हणून.” तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं, आणि मीच बोलून बसले. सरांनी मामींच्या हातातला कागद घेऊन वाचला. मग म्हणाले, “म्हणजे मी धीर कोणाला देत होतो?” मामी म्हणाल्या, “स्वतःला. आणि कमी पडत होता.”

घरी सोडायला मीच गाडी चालवली. सर शेजारी, मामी मागे. डबीने काय लिहिलं ते बघायचं राहून गेलं, कारण मी रस्त्याकडे बघत होते. पहिल्या वळणावर सर ताठ बसले होते. दुसऱ्यावर त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. टाकीचं वळण मी अगदी हळू घेतलं आणि मान वळवून विचारणार होते की सर, जमलं का, तेवढ्यात मागून मामी हलक्या आवाजात म्हणाल्या, “विचारू नका. झोपलेत.”

खरंच झोपले होते. डोकं दाराला टेकलेलं, हात मांडीवर मोकळे, दोन्ही पाय लांब पसरलेले. मामी म्हणाल्या, “दुसऱ्या कोणाच्या गाडीत हे डोळा मिटत नाहीत हो. माझ्या भावाच्याही नाही.”

त्यांच्या दारापाशी पोचलो. मी थांबायला पाय ब्रेकवर नेला, तर मामींनी मागून माझ्या खांद्याला हात लावला.

“जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “अजून एक फेरी मारून आणा.”

मी आरशात पाहिलं, सिग्नल दिला आणि गाडी पुढे घेतली.

आपली,
पुस्तकांच्या गाडीची ड्रायव्हर